गोल्ड विंग, १९७५ : वाटेवर घडलेली मोटारसायकल

१९७५ सालच्या होंडा गोल्ड विंगची टाकी ही पेट्रोलची टाकी नाही. 🧵

हँडलच्या मागे, स्वाराच्या दोन गुडघ्यांमध्ये, जिथे प्रत्येक मोटारसायकलची टाकी असते तिथे हिचीही एक ऐटदार टाकी दिसते. वरचे झाकण उचलले आणि बाजूचे दोन भाग खाली उघडले, की आत पेट्रोलचा थेंबही सापडत नाही. सापडतात ते फ्यूज आणि विजेची जोडणी, रेडिएटरची जादा पाण्याची बाटली, हवेचा फिल्टर आणि बॅटरीने दगा दिलाच तर लावायची एक सुटी किक. खरी टाकी सीटच्या खाली दडलेली आहे. तिच्यात सुमारे १९ लिटर पेट्रोल मावते.

कारण सरळ आहे. पेट्रोलचे वजन उंचावर राहिले तर जड गाडी वळणावर आणि थांबताना आणखी जड वाटते. तेच वजन खाली आणले तर तीच गाडी आवरते. मग वरची रिकामी जागा तशीच का सोडली नाही? कारण टाकी नसलेली मोटारसायकल १९७५ साली कोणाच्या नजरेला पटली नसती. अभियंत्यांनी पेट्रोल खाली नेले आणि नजरेसाठी टाकीचा आकार वर ठेवला.

आज पन्नाशी गाठलेल्या ह्या गाडीचा, होंडा जीएल१००० हिचा, जीर्णोद्धार करणारे लोक अमेरिकेत, युरोपात आणि खुद्द जपानमध्येही आहेत. लांबच्या प्रवासाची एक जुनी, जड, आजच्या मानाने मंद मोटारसायकल इतक्या कष्टाने पुन्हा उभी करावी असे तिच्यात काय आहे? आणि उभी करायची तर कोणत्या रूपात, हा दुसरा प्रश्न. तो वरवर पाहता किरकोळ वाटतो, पण सगळा इतिहास त्यातच अडकलेला आहे.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात ‘जपानी मोटारसायकल’ म्हटले की जे चित्र उभे राहते ते १९८० च्या दशकातले आहे : हिरो होंडाची सीडी१००, यामाहाची आरएक्स१००, पुण्याच्या बजाजने कावासाकीशी हातमिळवणी करून काढलेल्या १०० सी.सी.च्या गाड्या. हलक्या, काटक, थोड्या पेट्रोलात पुष्कळ चालणाऱ्या. गोल्ड विंग त्याच जपानची, पण त्याच्या दहा वर्षे आधीची आणि अगदी दुसऱ्या टोकाची गाडी. ९९९ सी.सी., चार सिलेंडर, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि पेट्रोल न भरताच अडीच क्विंटलांहून अधिक वजन.

तिचा उगम समजून घ्यायचा तर आधी अमेरिकेत जावे लागते.

होंडाने लॉस एंजेलिस येथे आपली अमेरिकी शाखा १९५९ साली उघडली. त्या काळी अमेरिकेत मोटारसायकल म्हणजे चामड्याचे जाकीट, टोळकी आणि दंगेधोपे, असे समीकरण होते. होंडाने छोट्या, स्वच्छ, आवाज न करणाऱ्या गाड्या आणल्या आणि होंडावर भली माणसेच भेटतात अशा आशयाची जाहिरातमोहीम १९६० च्या दशकात चालवली. गृहिणी, विद्यार्थी, कारकून अशा लोकांना तिने दुचाकीवर बसवले. बाजार मिळाला, पण त्याबरोबर एक शिक्काही बसला : जपानी गाडी म्हणजे छोटी गाडी.

हा शिक्का १९६९ साली सीबी७५० ने पुसला. चार सिलेंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटणावर चालू होणारे इंजिन आणि अमेरिकेतील किंमत १,४९५ डॉलर. ब्रिटिश कारखानदार अजून दोन सिलेंडरांच्या, तेल गळणाऱ्या गाड्या विकत होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना ह्या धक्क्यातून सावरता आले नाही. पण होंडाचा आनंदही फार टिकला नाही. १९७२ मध्ये कावासाकीने ९०३ सी.सी.ची झेड१ आणली आणि सर्वांत बलवान जपानी गाडीचा मान हिसकावून घेतला.

अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे आणखी वेगवान गाडी काढणे. होंडाने तो सोडला, आणि गोल्ड विंगची गोष्ट येथून सुरू होते.

१९७२ मध्ये कंपनीत एका प्रायोगिक गाडीवर काम सुरू झाले. तिचे नाव नुसते ‘एम१’. प्रमुख होते शोइचिरो इरिमाजिरी. १९६० च्या दशकात होंडाची जी चिमुकली शर्यतीची इंजिने जगभर गाजली (१२५ सी.सी.मध्ये पाच सिलेंडर, २५० सी.सी.मध्ये सहा!) त्यांच्या रचनेत ह्याच तरुण अभियंत्याचा हात होता. आता त्यांच्यापुढे नेमका उलटा प्रश्न होता. जास्तीत जास्त वेग नव्हे, तर जास्तीत जास्त अंतर, तेही कमीत कमी थकव्याने, पार करणारी गाडी कशी असावी?

एम१ चे उत्तर अवाढव्य होते. १,४७० सी.सी., सहा सिलेंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे आडवे झोपवलेले. गाडी धावली, पण विक्रीला कधीच आली नाही. सहा सिलेंडरांच्या लांबीमुळे स्वाराला बसायला नीट जागा उरत नव्हती. मग चार सिलेंडरांची, ९९९ सी.सी.ची आवृत्ती करण्याचे ठरले आणि ते काम तोशिओ नोझुए यांच्या हाती आले. सीबी७५० घडवणाऱ्या चमूत ते होते. आपल्या आधीच्या यशालाच मागे टाकणारी गाडी त्यांना करायची होती.

ह्या इंजिनाची रचना थोडी सावकाश पाहण्यासारखी आहे, कारण जीर्णोद्धार करणाऱ्यांना भुरळ घालणारे बरेच काही तिच्यातच आहे.

सिलेंडर आडवे, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला. समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचा धक्का बऱ्याच अंशी खाऊन टाकतात, त्यामुळे कंप फारच थोडा. इंजिन बुटके, म्हणून वजन खाली. क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणून मागच्या चाकाकडे शक्ती नेण्यासाठी चेनऐवजी शाफ्ट वापरणे सोयीचे. चेन नाही म्हणजे तिला तेल घालणे नाही, ताणणे नाही, पँटवर काळे डाग नाहीत. दिवसाला पाचसहाशे किलोमीटर जाणाऱ्या माणसाला ह्याचे मोल कळते.

बीएमडब्ल्यू १९२३ पासून आडव्या दोन सिलेंडरांच्या, शाफ्टच्या गाड्या करत आली होती. त्या गाड्यांना एक खोड होती. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर झटक्यात पिळला की गाडी एका अंगाला झुकते, कारण लांबीच्या दिशेने फिरणारा क्रँक तिला उलट बाजूला ढकलतो. होंडाने त्यावर एक युक्ती केली. वीज तयार करणारा अल्टरनेटर क्रँकच्या उलट दिशेने फिरवला. एकाचा झटका दुसऱ्याने खाल्ला आणि गाडी जागेवर सरळ उभी राहिली.

शिवाय पाण्याने थंड होणारे इंजिन. जपानी चार-स्ट्रोक मोटारसायकलमध्ये असे पहिल्यांदाच होत होते. (दोन-स्ट्रोकमध्ये सुझुकीची जीटी७५० आधीच आली होती. तिला लोकांनी प्रेमाने ‘पाणम्हैस’ म्हटले.) पाण्याच्या आवरणामुळे इंजिनाचा खडखडाट आतच दबतो. कॅमशाफ्टही साखळीने न फिरवता दातेरी रबरी पट्ट्यांनी फिरवले. तेही शांततेसाठीच. परिणाम असा की जीएल१००० चालू असताना जो आवाज येतो तो मोटारसायकलचा नसून शिवणयंत्राच्या जवळचा आहे, सलग आणि खालच्या पट्टीतला. ज्यांना मोटारसायकलचा ठोका ऐकायचा असतो त्यांनी तेव्हाही नाके मुरडली आणि आजही मुरडतात.

१९७४ च्या शरद ऋतूत जर्मनीतील कोलोन येथील प्रदर्शनात गाडी जगापुढे आली. १९७५ मध्ये अमेरिकेत २,८९५ डॉलरला विकायला ठेवली गेली. कंपनीने ८० अश्वशक्तीचा दावा केला होता.

आणि जपानमध्ये? जपानमध्ये ती विकत मिळत नव्हती.

ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सीबी७५० नंतर जपानी उद्योगाने देशांतर्गत विक्रीसाठी ७५० सी.सी.ची मर्यादा स्वतःवर घालून घेतली होती. त्यातच १९७५ पासून ४०० सी.सी.वरील गाडी चालवण्याचा परवाना मिळवणे फार कठीण करण्यात आले. म्हणजे ज्या कामगारांनी गोल्ड विंग जोडली त्यांना ती रीतसर दुकानातून घेऊन आपल्या गावच्या रस्त्यावर फिरवण्याची सोय नव्हती. जपानमध्ये होंडाने गोल्ड विंग अधिकृतपणे विकली ती १९८८ पासून, आणि तोवर तिची चौथी पिढी आली होती. निर्यातीसाठी पिकवलेला हापूस कोकणातल्या घरी न दिसावा, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत तिचे स्वागत गोंधळलेले झाले. नावातल्या ‘विंग’ला धरून कोणी तिला ‘लेड विंग’, म्हणजे शिशाचा पंख, असे हिणवले. कोणी म्हटले, ही तर दोन चाकांची मोटार. शर्यतवाल्यांना ती जड वाटली आणि हार्लेच्या भक्तांना निर्जीव. शिवाय लांबच्या प्रवासाची गाडी म्हणून आणलेल्या ह्या यंत्रावर लांबच्या प्रवासाचे सामान काहीच नव्हते. समोर वाऱ्याला आडोसा नाही, मागे सामानाच्या डिक्या नाहीत. होंडाने जे विकले ते वस्तुतः एक उत्कृष्ट इंजिन, दोन चाके आणि एक सीट होते.

त्यात काळही विचित्र. १९७३ च्या तेलसंकटानंतर जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत संपूर्ण देशासाठी ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा लागू झाली. ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकणारी गाडी अशा देशात आली जिथे त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी वेगाने जाणे कायद्याने भाग होते.

आणि येथेच गाडीचे नशीब पालटले. ताशी ५५ मैलांवर जीएल१००० चे इंजिन जवळजवळ विश्रांती घेत असते. इतर गाड्या त्या वेगाने तासनतास चालल्या की स्वाराचे हात बधिर होत. हिच्यावर होत नसत. इंजिनावर ताण नाही म्हणून झीजही कमी. वेगवान शर्यतगाडीला जी मर्यादा शिक्षा वाटली असती ती ह्या गाडीला मानवली. ज्यांना घाई नव्हती पण लांब जायचे होते, सुटीत पत्नीला मागे बसवून दोन-तीन राज्ये ओलांडायची होती, अशा मध्यमवयीन लोकांनी तिला ओळखले. पत्रकारांच्या आधी ओळखले.

मग ज्याला त्याला जे कमी वाटले ते ज्याने त्याने बसवून घेतले.

इलिनॉय राज्यातील रँटूल ह्या छोट्या गावात क्रेग व्हेटर ह्या रचनाकाराचा कारखाना होता. ट्रायंफची ‘एक्स-७५ हरिकेन’ ही देखणी गाडी रेखाटणारा हाच माणूस. त्याने ‘विंडजॅमर’ नावाचे फेअरिंग काढले होते. फेअरिंग म्हणजे हँडलच्या पुढे बसणारा, वारा-पाऊस अंगावर न घेणारा मोठा आडोसा. विंडजॅमर म्हणजे शिडाचे भलेमोठे जहाज. ते कोणत्याही मोठ्या गाडीवर बसवता येई, पण गोल्ड विंगवर ते जणू माप घेऊन शिवल्यासारखे दिसे. त्याच्या जोडीला मागे सामानाच्या डिक्या, वर आणखी एक पेटी, पाठीला टेकू, जादा दिवे, रेडिओ. गाडीचे रूप रस्त्यावर बदलत गेले आणि ते बदलणारे हात होंडाचे नव्हते.

१९७७ साली ह्या स्वारांनी ॲरिझोनातील फिनिक्स येथे स्वतःची संघटना काढली, गोल्ड विंग रोड रायडर्स असोसिएशन. एका गाडीच्या नावाने देशभर शाखा, मेळावे, सहली. पुढची पंचेचाळीस वर्षे ती चालली.

होंडाला हे उमगायला पाच वर्षे लागली. १९८० साली जीएल११०० आली आणि तिच्या ‘इंटरस्टेट’ आवृत्तीत फेअरिंग आणि डिक्या कारखान्यातूनच बसवून मिळू लागल्या. म्हणजे स्वारांनी जे केले होते त्याची कंपनीने नक्कल केली. व्हेटरसारख्यांच्या धंद्याला त्याने ओहोटी लागली, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी गोल्ड विंगचे उत्पादन ओहायो राज्यातील मेरिसव्हिल येथे सुरू झाले. १९८५ पासून तिची इंजिनेही ओहायोतच, ॲना येथे, बनू लागली. दरम्यान १९८३ मध्ये हार्ले-डेव्हिडसनच्या मागणीवरून रीगन सरकारने ७०० सी.सी.वरील आयात मोटारसायकलींवरचा कर ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेला. जपानी कंपन्यांनी ७५० च्या गाड्या घाईघाईने ७०० च्या आत बसवल्या. गोल्ड विंगला मात्र ह्या भिंतीचा तसा अडथळा नव्हता, ती भिंतीच्या आतच बनत होती. त्याच दशकात होंडाच्या अमेरिकेतील कारखान्यांचे प्रमुखपद ज्यांच्याकडे आले ते होते शोइचिरो इरिमाजिरी, एम१ चे जनक. आणि १९८८ साली जीएल१५०० आली ती सहा सिलेंडरांची. एम१ ची कल्पना सोळा वर्षांनी दुकानात पोहोचली.

आता जीर्णोद्धाराकडे.

आज जी जीएल१००० एखाद्या शेतघराच्या पडवीत किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात सापडते ती बहुधा बरीच वर्षे उभी असलेली असते. नवा मालक उत्साहाने बॅटरी लावतो आणि बटण दाबायला जातो. जाणकार तेवढ्यात त्याचा हात धरतात. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या त्या दोन रबरी पट्ट्या दशकानुदशके एकाच जागी वाकून बसलेल्या असतात. त्यांतली एक तुटली किंवा दाते सरकले, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. काही क्षणांत इंजिन उघडण्याचे काम निघते. पट्ट्या मुळीच महाग नाहीत. म्हणून ह्या गाडीच्या जीर्णोद्धाराचा पहिला नियम ठरलेला आहे : आधी पट्ट्या बदला, मग बटण.

त्यानंतर पेट्रोलची खरी टाकी. सीटखाली दडल्यामुळे तिच्यातला गंज बाहेरून कळत नाही. तोच गंज पुढे चार कार्ब्युरेटरांच्या केसाएवढ्या छिद्रांत जाऊन बसतो. चारही कार्ब्युरेटर एका चौकटीत जोडलेले. एकाचे दुखणे काढायचे तर चौघांना बाहेर काढावे लागते. रबरी कड्या कडक झालेल्या, आतले पडदे फाटलेले. सगळे साफ करून, नवे रबर घालून परत बसवायचे आणि मग चौघांची ओढ एकसारखी होईपर्यंत व्हॅक्यूम मापकाकडे पाहत एक एक स्क्रू किंचित फिरवत राहायचे. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे.

सर्वांत वाईट बातमी अल्टरनेटरची. उलटा फिरून गाडी सरळ ठेवणारा तोच तो भाग. तो इंजिनाच्या मागच्या अंगाला, आत बसवलेला आहे. त्याची कॉइल जळाली तर संपूर्ण इंजिन चौकटीतून खाली उतरवावे लागते. तो बदलण्याची वेळ येईल, हे १९७४ साली कोणी फारसे मनावर घेतले नसावे. त्याच्या तारांची जोडणी तापून वितळलेली सापडणे हेही नेहमीचेच.

एवढे सगळे करून हाती काय येते? प्रथम कानाला कळते. चोक ओढून गाडी चालू केली की क्षणभर ती घसा खाकरते आणि मग तो सलग, दबका सूर लागतो. आरशातले चित्र थरथरत नाही. वजन उभ्या गाडीला जाणवते, चालत्या गाडीला फारसे नाही. कंप नसलेल्या नव्या गाड्या आज पुष्कळ आहेत, पण त्यांच्या इंजिनावर संगणकाची नजर असते. जीएल१००० मध्ये ते सगळे यंत्राच्या मांडणीतूनच साधले आहे : समोरासमोर आडवे पिस्टन, उलटा फिरणारा अल्टरनेटर, पाण्याचे आवरण. ज्याने ती हाताने उघडून पुन्हा जोडली आहे त्याला ती शांतता कशी तयार होते हे भाग न् भाग माहीत असते. ह्या गाडीचे आकर्षण मुख्यतः ह्यात आहे. १९७० च्या दशकाबद्दलचे हळवेपण नंतर येते.

मग उरतो रूपाचा प्रश्न, आणि मतभेद सुरू होतात.

एक पक्ष म्हणतो, गाडी १९७५ मध्ये दुकानात जशी उभी होती तशीच करावी. फेअरिंग काढा, डिक्या काढा, जादा दिवे काढा, मूळचा लाल किंवा निळसर हिरवा रंग शोधून लावा. अशी उघडी गाडी खरोखरच देखणी दिसते. ते आडवे इंजिन, समोरचा रेडिएटर, तारांची चाके, सगळे नजरेत भरते. प्रदर्शनात बक्षीस मिळते तेही बहुधा अशा गाडीलाच.

दुसरा पक्ष थोडा लहान आहे. त्याचे म्हणणे असे की ह्या गाडीला ‘गोल्ड विंग’ बनवले ते ह्या काढून टाकलेल्या वस्तूंनीच. अनेक गाड्यांच्या बाबतीत दुकानातले ते उघडे रूप टिकले ते गाडी घरी येऊन फेअरिंग बसेपर्यंतचे काही आठवडे किंवा महिने. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे, हजारो मैल, सगळ्या सहली त्या आडोशामागे झाल्या. मग अस्सल रूप कोणते? कारखान्याने दिलेले की रस्त्याने दिलेले?

(तिसराही एक पक्ष आहे. तो खोटी टाकी काढून फेकतो, चौकट कापतो आणि त्या इंजिनाभोवती स्वतःच्या मनातली ‘कॅफे रेसर’ उभी करतो. पहिले दोन्ही पक्ष एकमेकांशी कितीही भांडत असले तरी ह्याला शिव्या देताना एक होतात.)

किल्ल्यांवर प्रेम करणाऱ्यांना हा वाद नवा नाही. एखाद्या गडाची दुरुस्ती करताना तो बांधणाऱ्याच्या काळातला करायचा, की नंतरच्या राजवटींनी घातलेली भर ठेवायची? नंतरची भर काढून टाकली तर वास्तू ‘शुद्ध’ होते, पण तेवढा काळ तिच्यातून पुसला जातो. फरक इतकाच की गडाच्या बाबतीत नंतर भर घालणाराही कोणी सत्ताधीश असतो आणि त्याच्या नावाने निदान एखादा शिलालेख तरी सापडतो. गोल्ड विंगवर भर घालणारे सामान्य लोक होते. त्यांच्या निवडीची नोंद त्या गाडीशिवाय दुसरीकडे कोठेही नाही. फेअरिंगच्या आतल्या बाजूला चिकटवलेले मेळाव्याचे स्टिकर, हँडलजवळ कोणीतरी स्वतः जोडलेला रेडिओचा स्विच, मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी खालीवर करून घेतलेला टेकू. रंगकाम करणारा पहिल्याच दिवशी हे सगळे कचऱ्यात टाकतो.

म्हणून उघड्या गाडीचे सौंदर्य मान्य करूनही ज्या गाडीवर तिच्या पहिल्या मालकाची भर शाबूत आहे तिला हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक भक्कम आहे. जिचे बाकी काहीच उरलेले नाही ती गाडी दुकानातल्या रूपात न्यायला हरकत कसली?

आणि तशी न्यायची म्हटले तरी शेवटी एक अडचण येतेच. विंडजॅमर बसवताना गाडीचा मूळचा हेडलाइट काढावा लागे, कारण फेअरिंगला त्याचा स्वतःचा दिवा होता. तो मूळ दिवा आणि त्याला धरून ठेवणारे दोन कान काढून कोठेतरी ठेवले जात आणि तेथेच राहत. आज फेअरिंग उतरवल्यावर गाडीला समोर चेहराच नसतो. लोखंडी नळ्यांवर कंसाचे घासलेले पट्टे असतात आणि कापून जोडलेल्या तारांचा एक जुडगा लोंबत असतो. जीर्णोद्धार करणारे मग जुन्या सामानाच्या बाजारात फिरतात आणि पहिल्या मालकाच्या कुटुंबाला विचारतात, गॅरेजच्या माळ्यावर एखादे खोके आहे का. कधी कधी ते असते. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला हेडलाइट निघतो, जवळजवळ न वापरलेला.